चिंचेनं धुतलेला मुद्देमाल

नोकरीतल्या पुष्कळ गोष्टी मी विसरले, काही मुद्दाम विसरले. ही एक मात्र विसरता येत नाही. ती आठवली की सगळ्यात आधी भेळवाल्याकडून मागवलेला चिंचेचा कोळ डोळ्यांपुढे येतो. पोलिसांच्या आठवणी म्हटलं की लोकांना पाठलाग आणि पिस्तूल हवं असतं. माझ्याकडे ते नाही. माझ्याकडे सतरा चांदीची नाणी आहेत, एक पातेलं आहे, आणि आपल्याला सगळं कळतं अशी पक्की खात्री असलेली एक तरुण फौजदार आहे. ती मीच. आज समोर आली असती तर मी तिला महिनाभर आवक-जावक लिहायला बसवलं असतं.

हे आत्ता लिहायचं कारण आमच्या सोसायटीतल्या एक बाई. गेल्या महिन्यात त्या सासऱ्यांच्या पेटीतली चार जुनी चांदीची नाणी घेऊन माझ्याकडे आल्या. मोबाइलवर कुणीतरी 'जुनी नाणी विका, लखपती व्हा' म्हणत होता. "आजी, तुम्ही पोलिसात होतात, तुम्हाला यातलं कळत असेल," म्हणाल्या. मी पहिला प्रश्न विचारला, धुतली तर नाहीत ना? त्या अभिमानानं म्हणाल्या, "लख्ख केली आहेत." मी खुर्चीवर बसले आणि मला तो जुना गुन्हा आठवला.

तेव्हा नोकरीला दोन वर्षं झाली होती. शहराच्या जुन्या पेठांतलं आमचं ठाणं. सकाळी हजेरी, मग रात्रीच्या डायरीवर नजर, मग दिवसभर सायकलचोऱ्या आणि जिन्याखालच्या नळावरची भांडणं. एके दिवशी ठाणे अंमलदारानं एका बाईंना माझ्यापुढे पाठवलं. चाळिशीच्या असतील. खडकीला दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायच्या, स्वतः शाळेत शिक्षिका. आधी खडकीच्या ठाण्यात गेल्या होत्या. दुकान पेठेतलं म्हणजे हद्द आमची, म्हणून तिथून त्यांना इकडे पाठवलेलं.

त्यांचे वडील कारखान्यात स्टोअरकीपर होते. वर्षभरापूर्वी वारले. या गृहस्थांना एकच नाद. सराफाकडे मोड म्हणून, म्हणजे वितळवायला आलेल्या जुन्या चांदीत, कधीकधी एखादं खूप जुनं नाणं निघायचं. ते आटणीत जायच्या आत हे चांदीच्या भावानं विकत घ्यायचे. छपन्न साली त्यांच्या घरानं बुद्धाचा धम्म स्वीकारला तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे रविवारी मुलीला घेऊन ते लेणी बघत हिंडायचे, आणि ज्या काळात ती लेणी कोरली त्या काळातलं नाणं हातात यावं एवढीच त्यांची इच्छा. तीस वर्षांत सतरा नाणी जमली. प्रत्येक नाणं बटरपेपरच्या पुडीत, पुडीत एक चिठ्ठी, चिठ्ठीवर वजन आणि वर्णन. शिवाय एका वहीत प्रत्येक नाण्याचा ठसा होता. नाण्यावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली की उमटतो, तसा.

बाईंना ही नाणी योग्य माणसाकडे द्यायची होती आणि आलेल्या पैशांतून विहारात वडिलांच्या नावानं अभ्यासिका काढायची होती. विकण्याआधी पारख करून घ्यावी म्हणून त्या पेठेतल्या जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे गेल्या. त्यानं नाणी आठ दिवस ठेवून घेतली आणि परत देताना सांगितलं की सगळी नकली आहेत, वितळवली तर चांदीचे पैसे येतील तेवढेच. सगळी एका प्लास्टिकच्या पिशवीत. पुड्या नाहीत, चिठ्ठ्या नाहीत. कागद फाटले होते, टाकून दिले, असं म्हणाला.

नातेवाइकांना तेवढंच हवं होतं. आयुष्यभर डबडी गोळा केली म्हणून चुलते हसले. बाई माझ्यासमोर बसून हे सगळं सरळ सांगत होत्या, आवाज चढवला नाही की डोळे पुसले नाहीत. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, पैशांचं नंतर बघू. माझे वडील तीस वर्षं फसत होते का, एवढंच मला कळायला हवं."

मी फिर्याद लिहून घेतली, परत आलेली सतरा नाणी पंचनामा करून ताब्यात घेतली आणि व्यापाऱ्याला बोलावलं.

माझी चौकशी करायची पद्धत तेव्हा फार देखणी होती. टेबलावर हात आपटायचा आणि भुवई उंचावायची. आरशासमोर सराव केलेला होता. व्यापाऱ्यानं दोन्ही शांतपणे पाहून घेतलं. पन्नाशीचा, स्वच्छ सदरा, हातात पावती पुस्तक. पावतीवर 'जुनी नाणी, नग सतरा' एवढंच. वजन नाही, वर्णन नाही. म्हणाला, दिली तीच परत केली. वर म्हणाला, "वडिलांवर श्रद्धा असते हो माणसाची. मला तर त्यांची कीव येते." पुढे नोकरीत एक गोष्ट शिकले: फिर्यादीची कीव आपल्याहून जास्त आरोपीलाच येत असेल तर त्याचं कपाट उघडून बघावं. पण तेव्हा हे शिकायचं होतं. तेव्हा मला त्याची सभ्यता आवडली.

मग मी स्वतःच्या अकलेनं तपास केला. बाईंकडून ठशांची वही मागवली आणि एकेक नाणं ठशाशेजारी ठेवून पाहिलं. मिशीवाल्या राजाचा चेहरा जुळला. मागच्या बाजूचा तीन कमानींचा डोंगर, त्यावरची चंद्रकोर, खालची नदीची नागमोडी रेघ, सगळं जुळलं. कडेचा टवका उडालेली जागासुद्धा जुळली. म्हणजे हीच ती नाणी. म्हणजे व्यापारी खरा. मी बाईंना बोलावून तसं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग पुड्या त्यानं परत का दिल्या नाहीत?" मी म्हणाले, "नाणी मिळाली ना? कागदाचं काय घेऊन बसलात." आणि वर, अगदी समजूतदार आवाजात, "फसतात बाई माणसं." त्या उठल्या, नमस्कार केला आणि गेल्या. ते वाक्य आजही परत घ्यावंसं वाटतं.

त्याच आठवड्यात ठाण्याची वार्षिक तपासणी होती. वरिष्ठ मुद्देमाल खोली बघणार. माझी सतरा नाणी काळीकुट्ट, पाकिटात कोळशाच्या कपच्या ठेवल्यासारखी. आमच्या घरी दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी चांदीची नाणी चिंचेनं घासायची रीत. मी शेजारच्या भेळवाल्याकडून वाटीभर कोळ मागवला, चहाच्या पातेल्यात ओतला आणि नाणी टाकली. आमचे एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले, कमी बोलणारे. ते दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "मॅडम, मुद्देमाल आहे तो. ताटवाटी नव्हे." मी त्यांना स्वच्छतेचं महत्त्व सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि स्टेशन डायरीत वेळेसकट नोंद करून ठेवली.

नाणी चांदण्यांसारखी निघाली. तपासणीला आलेल्या साहेबांनी कौतुक केलं. आमच्या ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी मात्र केलं नाही. ते एवढंच म्हणाले की जाणकाराचा अभिप्राय घेतल्याशिवाय कागद बंद करायचे नाहीत.

जाणकार बाईंनीच सुचवले. सदाशिव पेठेत राहणारे एक निवृत्त प्राध्यापक. वडील अधूनमधून त्यांना नाणी दाखवायचे. बाई आधीच त्यांच्याकडे गेल्या असत्या, पण ते वर्षभर परगावी मुलाकडे होते, नुकतेच परतले होते. मी मुद्देमाल आणि वही घेऊन गेले, सोबत हवालदार. दारावर पाटी होती: 'घंटी एकदाच वाजवावी. ऐकू येते.'

प्राध्यापकांनी एक नाणं भिंगाखाली धरलं आणि खाली ठेवलं.

"कोणी धुतलं?"

"मी."

"कशानं?"

"चिंचेनं."

"घरची?"

"भेळेची," हवालदार म्हणाले.

प्राध्यापकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बाई, खरी असती तर दोन हजार वर्षं तुम्ही पाच मिनिटांत मोरीत सोडली असती. नशीब तुमचं, ही खोटी आहेत."

मला एकदम जिंकल्यासारखं वाटलं. म्हणजे व्यापारी खरं बोलत होता, मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी नापास झाले हे मला कळलं.

"ही नाणी खोटी आहेत असं म्हणालो. तिच्या वडिलांची खोटी होती असं कुठं म्हणालो?"

मग त्यांनी मला समोर बसवून शिकवलं. जुनं नाणं हातोडीच्या घावानं पाडलेलं असतं. चांदी दाबली जाते, अक्षराच्या कडा धारदार राहतात. ओतलेल्या नाण्याच्या कडा मऊ असतात आणि पृष्ठभागावर बारीक बारीक छिद्रं दिसतात, कारण धातूत बुडबुडे अडकतात. काळेपणाचंही तसंच. शतकानुशतकं चढलेला काळपटपणा अक्षरांच्या खाचांत घट्ट बसलेला असतो. भेळेच्या कोळानं एका अंघोळीत सगळा निघाला, याचा अर्थ तो गंधकाचा धूर देऊन नुकताच चढवलेला.

"पण ठसे जुळतात," मी हट्टानं म्हणाले.

"जुळणारच. खऱ्या नाण्यावरून साचा केला की उडालेला टवकासुद्धा उतरतो." त्यांनी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, वहीतल्या ठशाची रुंदी घेतली आणि तसंच उचलून नाण्यावर ठेवलं. नाणं केसभर लहान होतं. धातू निवताना आकसतो. दुसरं लहान, तिसरं लहान. सोळा नाणी आपापल्या ठशापेक्षा केसभर लहान निघाली. सतरावं मात्र ठशाच्या अगदी बरोबर. "हे एक मापात आहे. पण हेही ओतीवच. असं का, ते मला सांगता येत नाही," ते म्हणाले आणि तसंच लेखी दिलं. न कळलेली गोष्ट न कळलेली म्हणून लिहून देणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

जिना उतरताना मी हवालदारांना म्हणाले की माझं चुकलं. ते म्हणाले, "चहा घेऊ." त्यांच्याकडून एवढी माफी पुष्कळ होती.

आता साचे करणारा शोधायचा होता. मला वाटलं होतं, दहा-बारा कारागिरांना ठाण्यात आणून दरडावू. हवालदार म्हणाले, आपण साध्या कपड्यात कसब्यात चालत जाऊ, नाणं दाखवू आणि नुसतं म्हणू की काम सुबक आहे. तसं केलं. कसबा पेठेच्या बोळांत तिसऱ्या ठिकाणी एक ओतकाम करणारे म्हातारे कारागीर भेटले. देवाच्या लहान मूर्ती ओतायचे. त्यांनी नाणं घेतलं, उलटसुलट केलं आणि प्रसन्न हसले.

"सुबक असणारच. माझंच आहे."

चोर आपलं काम लपवतो; कारागिराला ते लपवता येत नाही. आम्ही पोलीस आहोत हे सांगितल्यावर ते घाबरले, पण फिरले नाहीत. व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं होतं की शाळेच्या प्रदर्शनासाठी नकला हव्यात. सोळा दिल्या होत्या. मी पुरावा मागितला. साचे मोडून टाकले होते, तसा निरोपच आला होता: येत्या शुक्रवारी बाहेरगावचं गिऱ्हाईक येणार, त्याच्या आत साचे मोडा. म्हणजे खरी नाणी शुक्रवारपर्यंत दुकानातच असणार; आमच्या दृष्टीनं हीच खबर. पण पुराव्याचं काय? म्हातारे उठले, भट्टीशेजारच्या कोनाड्यातल्या गणपतीपुढून एक नाणं उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. नव्या कामातला पहिला ओत विकायचा नाही, देवापुढे ठेवायचा, असा त्यांच्या वडिलांचा दंडक. राजाच्या हनुवटीखाली साच्यातल्या दोषानं आलेली एक बारीक पुटकुळी होती. माझ्या पाकिटातल्या एका धुतलेल्या राजालाही तीच पुटकुळी, त्याच जागी. ती नक्कल मी स्वतः धुऊन उजळ केली होती, म्हणून पुटकुळी दिसत होती. हे मी त्या वेळी मोठ्यानं बोलून दाखवलं. हवालदारांनी आकाशाकडे बघितलं.

गुरुवारी दुपारी दोन पंच घेऊन दुकानाची झडती घेतली. व्यापारी तसाच शांत. मागच्या खोलीत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात बटरपेपरच्या सतरा पुड्या, ओळीनं लावलेल्या. सोळा पुड्यांत नाणं आणि चिठ्ठी. सतराव्या पुडीत नुसती चिठ्ठी.

ठाण्यात परत आल्यावर हवालदार मला बाजूला घेऊन म्हणाले, आज टेबलावर हात आपटू नका, नुसती एखादी चिठ्ठी वाचा. मी पहिल्या पुडीतली वाचली. 'राजा मिशीवाला, उजवीकडे बघतो. मागे तीन कमानींचा डोंगर, वर चंद्र, खाली नदी. क्षत्रपांचं असावं. वजन दोन ग्रॅमला थोडं कमी. कड एका जागी उडाली आहे, मी घेतलं तेव्हाच तशी होती.' वाचून मी एकच विचारलं: नाणी खोटी होती ना, मग चिठ्ठ्या कशाला जपून ठेवल्या?

त्यानं चिठ्ठी हातात घेऊन सावकाश पुन्हा वाचली. आधीच्या खेपेला मी एवढ्या वेळात तीनदा ओरडले असते. शेवटी म्हणाला, "अचूक लिहिलंय त्यांनी. इतकं मलाही जमलं नसतं. चिठ्ठीसकट दाखवलं की गिऱ्हाइकाचा भरवसा बसतो." मग जबाब सुरळीत झाला. सतरावं नाणं त्यानं तसंच परत का दिलं, तेही सांगितलं. सतराव्या पुडीतल्या चिठ्ठीवर जे लिहिलं होतं त्यावर त्याचा विश्वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी बाईंना ओळख पटवायला बोलावलं. माझी तयारी होती की त्या मला दोन शब्द सुनावतील. त्यांनी नाण्यांना हात लावला नाही. चिठ्ठ्या एकेक करून पुढे ओढल्या आणि अक्षरावरून बोट फिरवत राहिल्या. मी त्यांना सांगितलं की ज्यानं तुमच्या वडिलांना खोटं ठरवलं, त्यानं धंदा त्यांच्याच शब्दावर करायचा ठरवला होता. प्राध्यापकांनी सोळाही नाणी पाहिली होती. सोळाही खरी, आणि एक सोडून सगळ्यांची वर्णनं बिनचूक. मग मी सतरावी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

त्यांनी ती मोठ्यानं वाचली. "हे ओतीव वाटतं. कडा मऊ आहेत, छिद्रं दिसतात. घेताना घाई केली, फसलो. शिकायला ठेवतो."

त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे फसले होते."

"एकदा," मी म्हणाले. "आणि आम्ही शोधायच्या आधी त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं होतं."

तेव्हा त्या हसल्या, आणि हसता हसता रडल्या. हवालदारांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि खिडकीतून बाहेर बघत उभे राहिले.

न्यायालयात आरोपीच्या वकिलांनी स्टेशन डायरीतली नोंद काढून मला चिंचेवर चांगला अर्धा तास उभं केलं. कोळ किती होता, त्यात गूळ होता का, हेही विचारलं. मी सगळं खरं सांगितलं, कारण हवालदारांनी लिहूनच ठेवलं होतं. त्या खऱ्या नोंदीमुळेच धुण्याचं बालंट टिकलं नाही. प्राध्यापक, कारागीर आणि देवापुढचा पहिला ओत यांच्यापुढे बचाव उभा राहिला नाही, शिक्षा झाली.

नाणी बाईंना परत मिळाली. त्यांनी ती प्राध्यापकांकडून नीट पारखून घेतली, वजन आणि दोन्ही बाजूंच्या फोटोंसकट यादी केली, दोन ठिकाणी भाव विचारला आणि मगच बहुतेक एका संग्रहालयाला दिली. आमच्या सोसायटीतल्या बाईंना मी हेच सांगितलं. पावतीवर वजन नसेल तर नाणं दुकानात सोडून येऊ नका. एकाच माणसाच्या शब्दावर नाणं खरं धरू नका आणि खोटंही धरू नका. जमिनीत सापडलेलं असेल तर विकायचा विचारच नको, आधी कलेक्टर कचेरीत कळवा. आणि चिंच आमटीत घाला. त्यांची चार नाणी राणीच्या छापाची निघाली, फार जुनी नव्हेत. मी धुण्यावरून रागावले, पण बेतानंच. मला रागवायचा फारसा अधिकार नाही.

या प्रकरणानं मला काय शिकवलं ते सांगायला मोठी वाक्यं लागत नाहीत. त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी प्रत्येक केस डायरीच्या समासात पेन्सिलीनं दोन शब्द लिहीत आले: शंका आहे. कशाची, तेही लिहायची. पुष्कळदा ती शंका खोटी ठरली, तेव्हा पेन्सिल खोडता आली. फिर्यादीला सांगून बसलेलं वाक्य खोडता येत नाही. आणि बाई जेव्हा कागदाबद्दल विचारते, तेव्हा कागदच बघायचा असतो.

अभ्यासिका झाली. उद्घाटनाला मला बोलावलं होतं, मी गणवेशात नाही, साध्या साडीत गेले. भिंतीवर वडिलांचा फोटो असेल असं वाटलं होतं. तो होता, पण लहान. त्याहून मोठ्या चौकटीत सतरावी चिठ्ठी लावलेली, खाली काचेत ते खोटं नाणं, माझ्या कृपेनं अजून चकचकीत. 'घाई केली, फसलो. शिकायला ठेवतो.' आजही त्या चौकटीखाली बसून खडकीची मुलंमुली स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात. त्यांतली काही फौजदार होतात. ती ओळ नीट वाचून गेली असतील, तर भेळवाल्याची चिंच भेळेतच राहील.